माझ्या जबड्यातली ढलपी

शी! मित्रांनो, माझी पेटी उघडणार असाल तर आधी नाकाला रुमाल लावा. आत पालीच्या लेंड्या आहेत आणि दारावर माव्याचे ओघळ वाळलेत. या घाणीत मी, एक म्हातारा कॉन्टॅक्टर, म्हणजे आपोआप मिटणारा-उघडणारा विजेचा मोठा स्विच, नऊ वर्षं उंब्रजजवळच्या एका भरती-मैदानाचे दिवे सांभाळतो आहे. पण मला किळस पालींची नाही, माणसांची येते!

माझं काम सोपं आहे. बाहेरचा छोटा स्विच लावला की माझ्या पोटातली कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, चुंबक होते. माझा जबडा खट्‌ करून मिटतो आणि सहाही खांबांवरचे दिवे लागतात. स्विच बंद केला की स्प्रिंग जबडा उघडते आणि खांबांकडे जाणारी वीज तुटते. मोठा करंट मी झेलायचा, माणसाने फक्त छोट्या स्विचला हात लावायचा.

मैदानावर फौजेच्या भरतीसाठी पोरांना पळवणारे नानासो फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पूर्वी ते पोरांना माझ्यापुढे उभं करून म्हणायचे, "ह्यो बघा खरा जवान! चल म्हटलं की चालतो, थांब म्हटलं की थांबतो." तेव्हा मला केवढा अभिमान वाटायचा!

पुढे माझ्या पेटीचं दार एका बिजागरीतून निखळलं, कोणी नीट बसवलं नाही. पावसाचं पाणी आत आलं आणि एक दिवस माझी कॉइल जळाली; जबडा मिटेना, दिवे लागेनात. नानासोंची धाकटी लेक संयोगिता वायरमन आहे. तिने बघितलं आणि बजावलं, "आबा, नवी कॉइल शुक्रवारी मिळंल. तवर ह्याला हात लावू नगासा."

"व्हय व्हय," म्हणाले नानासो. दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतःच आले, बाभळीची एक ढलपी तासली आणि माझा जबडा दाबून आत ठोकली. "पोरांची भरती तोंडावर आलीया. मळ्यातल्या मोटरीला आमी हेच करतोय की!"

काय सांगू किती शिसारी आली! आता छोटा स्विच चालू काय नि बंद काय, माझा जबडा मिटलेलाच. ते मेन स्विचवर दिवे लावू-विझवू लागले. गुरुवारी पोरं पळत असतानाच लाईट गेली. उजाडलंच होतं, सगळे घरी गेले. मेन तसाच चालू राहिला, कारण दिवे विझलेले होते ना!

दुपारी संयोगिता तिसऱ्या खांबाचा दिवा बदलायला आली. तिने छोटा स्विच बंद केला आणि शिडी लावली. मी तुटक्या दारातून बघत होतो. बाई गं, आधी माझं तोंड बघ! ओरडायला जबडा मोकळा कुठे होता?

लाईट आली. भर उन्हात पाच खांब झळाळले. तिसऱ्या खांबावरून किंकाळी आली आणि संयोगिता खाली लांब उडीच्या वाळूत पडली. नुकतेच मैदानावर येऊन झाडाखाली टेकलेले नानासो धावत आले आणि आधी त्यांनी मेन पाडला. "पोरी! अगं पोरी!"

तिचा श्वास चालू होता. पण डाव्या हाताचा तळवा भाजला, मनगट मोडलं. डोळे उघडल्यावर ती पहिलं हेच बोलली, "आबा, स्विच मी बंद केलाता की वं."



पंधरा दिवसांनी ती हात गळ्यात बांधून आली. मेन पाडून, वीज तपासून, तिने उजव्या हाताने ती ढलपी उपसली आणि वडिलांपुढे धरली. नानासोंनी ती शिट्टीच्या दोरीत ओवली. भरतीची पोरं विचारतात, हे काय? तेव्हा ते मान खाली घालून सांगतात, "थांब म्हटल्यावर ज्याला मी थांबू दिलं न्हाई, त्याची हाय."

मित्रांनो, माझी पेटी पुसा, दार बसवा, जळालो तर बदला. पण माझा जबडा मोकळा ठेवा. संयोगिताची दोन बोटं अजून मिटत नाहीत.