डावीकडचा माणूस

"काय काय येतं तुम्हाला, काका?" दुरुस्तीच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी विचारलं. बाई मुलीच्या वयाच्या, केसांत पेन्सिल खोचलेली.

"ऐकता येतं," कानसेन म्हणाले.

आता हे काय उत्तर झालं? पण माणूस खोटं बोलत नव्हता. पंख्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. सरकत्या पट्ट्यावरून पंखा समोर आला की चालू करायचा, कान लावायचा, खोट असली तर खडूने फुली मारायची आणि पंखा डावीकडे सरकवायचा. तिथला माणूस तो उघडायचा. बसल्या जागी खोट ओळखतात म्हणून सगळ्यांनी नावच पाडलं, कानसेन! मग आवाज मोजणारं यंत्र आलं, आणि एका शुक्रवारी साहेबांनी चहा पाजून त्यांना घरी पाठवलं. चौपन्नाव्या वर्षी.

त्यानंतर सहा ठिकाणी नकार. कुठे वय आडवं आलं, कुठे "कळवतो" म्हणाले. कळवतो म्हणणारे कधी कळवतात का? शेजारी आले की कानसेन आतल्या खोलीत जाऊन बसायचे. बायको रागावून थकली, समजावून थकली. आज तर तिने त्यांना जवळजवळ ढकलूनच बाहेर काढलं होतं. ही सातवी जागा. इथेही नाही म्हणाले, तर पुन्हा कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

बाईंनी जुना टेबलफॅन पुढ्यात ठेवला. "हा तीनदा परत आलाय. माझं डोकंच चालेना. ऐका बघू."

पंखा फिरला. कानसेनांनी डोळे मिटले. कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा सैल पडला.

"मागचं बेअरिंग. आतली एक गोळी झिजलीय."

"अगं बाई! आणि मी पुढचंच बदलत बसले!"

आणि तिथेच घात झाला. खुशीत येऊन त्यांनी बटण बंद केलं, बोटानेच फुली मारली आणि पंखा सरकवला डावीकडे. डावीकडे माणूस नव्हता, पट्टा नव्हता, टेबलही तिथेच संपत होतं. पंखा धाडकन फरशीवर पडला आणि जाळी चेपली.

कानसेन पांढरेफटक पडले. "माफ करा. तिकडे... तिकडे माणूस असायचा," ते पुटपुटले आणि दाराकडे वळले.

"अहो, चाललात कुठे? पाडला तुम्ही, निस्तरणार कोण? घ्या स्क्रूड्रायव्हर, उघडा."

"बाई, मी जन्मात पंखा उघडलेला नाही."

"सव्वीस वर्षांत?"

"ते डावीकडच्याचं काम."

बाई खो खो हसल्या. कानसेनांना अपमान वाटला नाही, याचं त्यांनाच नवल वाटलं.

"इथे डावीकडे कुणी नाही, उजवीकडे कुणी नाही," बाई म्हणाल्या. "बसा. मी सांगते तसं करा."

पहिला स्क्रू तीनदा निसटला. चौथ्यांदा त्यांनी तो दोन्ही हातांनी फिरवला. पाती निघाली, झाकण निघालं, आणि शेवटी काळं ग्रीस माखलेलं बेअरिंग तळहातावर आलं. कोटाच्या बटणाएवढं. सव्वीस वर्षं ज्याचं रडगाणं ऐकलं, ते हे!

"एवढंसंच असतं होय?" ते म्हणाले.

बाईंनी ते पुसून उजेडात धरलं. एक गोळी खरंच झिजली होती. "नवं त्या डब्यात आहे. बसवा. आणि उद्या नऊला या, साडेनऊला नको."

एवढ्यात शर्टाच्या खिशातला फोन वाजला. दोन्ही हात ग्रीसने बरबटलेले. कानसेनांनी मान वाकडी करून खिसा बाईंपुढे केला.

"घरून असेल. जरा तेवढं सांगता का तिला," ते म्हणाले, "मी कामात आहे म्हणून?"