तिपेडी तार

मित्रांनो, ही एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. मी एक जुना फ्यूज आहे. पांढऱ्या चिनी मातीचा, मुठीत मावेल एवढा. माझ्या पोटातून एक बारीक तार जाते. घरात विजेचा भार फार झाला की ती वितळते आणि वीज बंद पडते. भट्टीतून निघालो तेव्हापासून मला एवढेच ठाऊक होते, की वेळ आली म्हणजे आपण मोडायचे. मग घर मोडत नाही.

दोन खोल्यांच्या एका घरात, दारावरच्या लाकडी फळीवर, वायरमनने मला बसवले. बाहेरच्या खोलीत घरधनी आणि त्यांची बायको. ती लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून द्यायची. आतल्या खोलीत घरधन्यांची मोठी बहीण, ताई. तिचे गुडघे धरलेले. कोणी हात दिल्याशिवाय तिला उठता येत नसे. गुडघ्यांना ऊब म्हणून पलंगाजवळ विजेची शेगडी असे.

घरधन्यांच्या हाताला गुण होता. सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती कापून ते गळका नळ थांबवत. खुर्चीचा पाय, छत्रीची काडी, चपलेचा अंगठा, काही म्हणून बाहेर जात नसे. गल्लीत त्यांना खटपटराव म्हणत. त्या बचतीवर तर ताईचे औषध चालायचे.

इस्त्री आणि शेगडी एकदम लागली की मी जायचो. वायरमन नवी तार घालायचा आणि दर वेळी बजावायचा, "दोन्ही एकदम लावू नका हो. हा जातो म्हणून तुम्ही आहात."

"आणि हा जातो म्हणून तुमचंही चाललंय!" घरधनी हसले. त्यानंतर वायरमनला बोलावणे गेले नाही.

एका रविवारी त्यांनी जुन्या केबलमधून तांब्याच्या तारा सोलल्या, तीन तारा वेणीसारख्या वळल्या आणि माझ्या पोटात घट्ट आवळल्या.

"घे. आता जाऊन दाखव!"

मी गेलो नाही. मला जाताच येईना.

"महिना झाला, एकदाही गेला नाही," बायको शेजारणीला कौतुकाने सांगायची. मला मिळालेली ती पहिली शाबासकी. ती ऐकून मला धडकी भरली. भार वाढला तरी मी नुसता बघत होतो, आणि भिंतीतल्या तारा तापत होत्या. आतल्या खोलीतले बटण पिवळे पडले, मग तपकिरी. कपाटामागचा चुना फुगला. थंडीत त्या जागी पाली येऊन चिकटू लागल्या.

"अरे, काहीतरी जळकं येतंय," ताई एका बुधवारी म्हणाली.

"तुझी शेगडीच असेल."

"शेगडीचा वास मला कळत नाही होय? हा भिंतीतून येतोय."

"बरं बाई, रविवारी भिंतही दुरुस्त करतो!"

शुक्रवारी सकाळी घरधनी दाढी करत होते. इस्त्री चालू होती, शेगडीही. आधी धूर दिसला नाही, आधी ताईची हाक आली. मग पडदा पेटला. घरधन्यांनी धावत येऊन मला उघड्या हाताने उपसले. त्यांच्या तळव्याची कातडी माझ्या अंगाला चिकटून आली. वीज गेली, पण आगीला आता विजेची गरज नव्हती.

"वन्सं, गादी घट्ट धरा!" ओला टॉवेल तोंडाला बांधून बायको आत शिरली, आणि ताईला गादीसकट ओढत तिने बाहेर आणले.

ताई आठ दिवस इस्पितळात होती. धूर छातीत बसला होता. भेटायला येईल त्याला ती सांगायची, "माझ्या भावाचा दोष नाही हो, माझीच शेगडी." नवव्या दिवशी ती गेली. ते वाक्य घरधन्यांना शिव्यांपेक्षा जड गेले. त्यांची उजव्या हाताची बोटे पुन्हा नीट मिटली नाहीत. पुढे एका गोदामावर राखणदार म्हणून ते म्हातारे झाले. बायकोने इस्त्री विकली आणि लोकांचे शिवणकाम घेतले. वायरमनने त्या घराच्या तारा फुकट बदलून दिल्या, जाताना मला खिशात टाकले आणि कारागीर घडवणाऱ्या एका शाळेत ठेवायला दिले. तिपेडी तार अजून माझ्या पोटात आहे.

मित्रांनो, आपल्या हाताने दुरुस्ती जरूर करा. पैसे वाचवणे हे काही पाप नाही. पण जी वस्तू पुन्हा पुन्हा मोडते, ती काय सांगते आहे, एवढे आधी विचारा. मी त्या घरात चौदा वेळा सांगितले होते.