न छापलेला बारावा भाग

दवाखान्याच्या त्या खिडकीमागे माणूस नव्हता, आणि सगळ्या भानगडीचं मूळ तेच होतं. नुसती एक काच, काचेखाली भोकाभोकांची पट्टी आणि त्यातून येणारा मऊ, समजूतदार आवाज.

"किती दुखतंय?" आवाजाने विचारलं.

"काही नाही हो, थोडंसं," दादा म्हणाला.

दादाने चाळीस वर्षं वेल्डिंग केलं होतं. एकदा तापलेला तुकडा बुटात पडला, तेव्हाही हा गृहस्थ "जरा चटका बसला" एवढंच बोलला होता. आज सकाळी छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतंय हे त्याने धाकट्या बहिणीला सांगितलं, तेही तिने तीनदा खोदून विचारल्यावर. आता त्याचा डावा हात जड पडला होता, सदरा घामाने पाठीला चिकटला होता. पण खिडकीला घाम दिसत नव्हता. ती फक्त आवाज ऐकायची आणि आवाजावरून खरंखोटं ठरवायची. जन्मभर स्वतःचं दुखणं थोडंसंच म्हणत आलेल्या माणसाला ते खरंच थोडंसं वाटत असतं, हे तिला कोण सांगणार?

"आपण खरं बोलत आहात," खिडकी म्हणाली. "घरी जाऊन विश्रांती घ्या."

बहिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती निवृत्त शिक्षिका. सगळे तिला बाईच म्हणत. बाई काचेवर थाप मारून ओरडल्या, "अगं सटवे, त्याला हार्ट अटॅक येतोय! दार उघड!"

"आपल्या आवाजात अतिशयोक्ती आहे. आज आपलं म्हणणं ग्राह्य धरलं जाणार नाही."

मागे रांगेत सहाजण होते. सगळे मूग गिळून बसले. या काचेपुढे दुसऱ्यासाठी आवाज चढवला की आपलंही म्हणणं बाद होतं, हे त्यांना ठाऊक होतं. बाईंना त्यांचाही राग आला. दादाला बाकावर बसवून त्या दाराकडे धावल्या. पांढरं, गुळगुळीत दार. धरायला काही नाहीच, म्हणून त्यांनी नखांनी फट उचकटायचा प्रयत्न केला.

तेवढ्यात जिन्यावरून चाळिशीचा एक इंजिनिअर धावत आला. वरच्या मजल्यावर कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्याला काचेवर थाप मारणारी बाई दिसली होती. जवळ येऊन तो थबकला, आणि बघता बघता त्याचा चेहरा शाळेतल्या पोरासारखा खुलला.

"बाई! 'बोलकी खिडकी' लिहिणाऱ्या तुम्हीच ना? अहो, लहानपणी तुमचा फोटो यायचा गोष्टीवर. अकराही भाग मला तोंडपाठ आहेत. ही खिडकी त्याच्यावरूनच केली आम्ही!"

तीस वर्षांपूर्वी मुलांच्या एका मासिकात बाईंनी ही गोष्ट दर महिन्याला लिहिली होती. खरंखोटं ओळखणारी खिडकी. लबाड पकडले जातात, रांगा झटपट सरतात, गाव खूश. आणि बाराव्या भागात... पण बारावा भाग छापायच्या आधीच मासिक बंद पडलं.

"पुढचं वाचलंस का?" बाईंनी विचारलं.

"पुढचं? होतं पुढे काही?"

"होतं! बाराव्या भागात ती खिडकी बनवणाऱ्याच्याच आईला परत पाठवते. कारण ती बिचारी म्हणते, मला काही होत नाहीये. आणि दार कुणालाच उघडता येत नाही. आता मुकाट्याने हे दार उघड, माझा भाऊ मरतोय!"

इंजिनिअरने बाकाकडे पाहिलं. दादाचे ओठ काळसर पडले होते. इंजिनिअर धावत खिडकीपाशी गेला आणि म्हणाला, "हे माझे वडील आहेत. यांना तातडीने आत घ्या."

"आपण खोटं बोलत आहात," त्याचीच खिडकी त्याला म्हणाली.

"आतल्या डॉक्टरांना फोन लाव!" बाई म्हणाल्या.

"आत फोन जात नाहीत," इंजिनिअर म्हणाला. " वशिले चालू नयेत म्हणून."

"मग हाताने उघड. मूठ कुठाय दाराची?"

"मूठ नाहीये." त्याचा आवाज बारीक झाला. "तुमच्या गोष्टीतही नव्हती. अकराव्या भागात तुम्हीच काढलीत ना ती?"

"अरे गाढवा, वाचणाऱ्याला भीती वाटावी म्हणून काढली होती! बांधणाऱ्याने नक्कल करावी म्हणून नाही!"

त्यांना स्वतःचाही राग आला. हे अकरा भाग आधी सांगायला हवं होतं, पहिल्याच भागात, ठळक अक्षरांत. गंमत आधी आणि धोका शेवटी, ही कुठली अक्कल? पण आता स्वतःला शिव्या घालायला वेळ नव्हता. दादा बाकावरून एका अंगावर कलायला लागला होता. बाईंनी त्याला धरून खिडकीपाशी आणलं.

"दादा, ओरड. जीव खाऊन ओरड, म्हणजे ती ऐकेल."

दादाने रांगेतल्या लोकांकडे ओशाळून पाहिलं. "अगं, लोक काय म्हणतील," तो पुटपुटला.

इंजिनिअर काचेला हात टेकून नुसता उभा होता. बाईंनी त्या हाताकडे पाहिलं. स्वच्छ, गुबगुबीत हात. त्यांनी तो मनगटाशी घट्ट पकडला, तोंडाशी नेला आणि अंगठ्याखालचं मांस कडकडून चावलं.

इंजिनिअर असा किंचाळला की रांगेतले सहाही जण उठून उभे राहिले.

"आपल्याला खरोखर तीव्र वेदना होत आहेत," खिडकी कळवळून म्हणाली. "कृपया आत या."

दार सरकलं. बाईंनी दादाला आत ढकललं आणि स्वतः उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. "हार्ट अटॅक!" त्या ओरडल्या. आत माणसं होती, आणि माणसांनी दादाचा चेहरा पाहिला. दोन नर्स स्ट्रेचर घेऊन धावल्या. स्ट्रेचरवरूनही दादा त्यांना म्हणत होता, "काही नाही हो, थोडंसं." एकीने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही आणि कात्रीने त्याचा सदरा कापला.

इंजिनिअर हात छातीशी धरून उभा होता. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते दुखण्याचं होतं की आणखी कशाचं, हे बाईंनी विचारलं नाही.

"बाराव्या भागात असंच होतं का?" त्याने विचारलं.

"नाही," बाई उंबऱ्यातून न हलता म्हणाल्या. "त्यात सगळे खिडकीपुढे रडत उभे राहतात आणि ती आई मरते. लिहिताना मला एवढा राग आला नव्हता. जा, सुतार बोलाव आणि दाराला मूठ लाव. तोवर मी इथून हलणार नाही. रांगेतल्यांनो, तुम्ही काय बघताय? चला आत!"