अडीच लाखांचा तास

आमच्या जिल्ह्यात हेलिकॉप्टर कुणासाठी उडणार, हे गाव्रील ठरवायचा. माणूस वाईट नव्हता, पण त्याला एक खोड होती. सकाळी आठला तैगातले, म्हणजे आमच्या बर्फाळ जंगलातले, तळ वायरलेसवर बोलायला लागले, की तो आधी ऐकवायचा, "उड्डाणाचा तास अडीच लाख रुबलला पडतो बरं का. नड असेल तरच बोला." आपण सरकारचा पैसा वाचवतो, असं त्याला मनापासून वाटे. तुम्हाआम्हालाही वाटतंच की असं.

खूप लांबच्या एका तळावर अकुलिना आजी एकटीच राहायची. नवरा गेलेला, लेक शहरात, होते ते चार रेनडियर शेजारच्या कळपात सोडलेले. नोव्हेंबरात दाढ ठणकायला लागली म्हणून तिने एकदा हेलिकॉप्टर मागितलं. "आजी, जाऊन-येऊन दोन तास. एका दाढेसाठी पाच लाख?" गाव्रील हसत म्हणाला. वायरलेसवर सगळेच तळ ऐकत असतात, तेही हसले. तेव्हापासून आजी रोज सकाळी एवढंच सांगायची, "सगळं ठीक." दिवसभरात तिच्या तोंडून निघणारे हे दोनच शब्द. बोलणार तरी कुणाशी?

मार्चमध्ये गाव्रील पुढच्या तळावर इंधनाची पिंपं बघायला निघाला. वाटेत वैमानिक रोदिओनने खाली बोट दाखवलं. अकुलिनाच्या झोपडीसमोर बर्फ तुडवून चौक केला होता आणि चारी कोपऱ्यांना पाइनच्या हिरव्या फांद्या रोवल्या होत्या. हेलिकॉप्टर यायचं असलं, की आमच्याकडे अशी जागा करून ठेवतात.

तिने मागवलेलंच नाही, चल पुढे, असं गाव्रील म्हणाला. नुसतं दहा मिनिटं रेंगाळलं तरी चाळीस हजार जातात, हेही त्याने जोडलं.

रोदिओनने हेलिकॉप्टर वळवलं. "हा तास एवढा महाग का रे? इथे रस्ता नाही म्हणून. शहरातली म्हातारी दवाखान्यात निघाली, की रस्त्याला किती कोटी लागले ते तिला कोणी ऐकवतं का?"

हेलिकॉप्टर त्या चौकात उतरलं.

आजी दारात आली. उजव्या पायाला कातडं गुंडाळलेलं, त्यातली दोन बोटं गारठ्याने काळी पडलेली. पाय गारठून तीन आठवडे झाले होते. बर्फात एक पाऊल नीट उमटलं होतं, दुसरं फरफटत गेलं होतं. रोज पडणारा बर्फ ती रोज त्याच पायाने तुडवत होती.

"अगं आजी, बोलली का नाहीस?"

"तूच सांगितलंस ना पाच लाख. माझी चारही जनावरं विकली तरी येतील का तेवढे?"

"मग ही जागा कशाला केलीस?"

आजी ओशाळली. "वरून जाताना दिसेल तरी तुम्हाला, इथे कोणीतरी राहतं."

गाव्रीलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार महिने त्याने रोज वहीत 'सगळं ठीक' लिहिलं, पण तिचा आवाज एकदाही ऐकला नव्हता! त्याने आजीला उचललं आणि हेलिकॉप्टरमध्ये नेऊन बसवलं.

दवाखान्यात दोन बोटं गेली, पाय वाचला. शुद्धीवर येताच आजीने विचारलं, "किती पडले रे?"

शेवटच्या रुबलपर्यंत आकडा तोंडपाठ असलेला गाव्रील म्हणाला, "आठवत नाही, आजी."

हल्ली सकाळी आठला तो आधी विचारतो, काय खाल्लंत, कुठे काही दुखतंय का. मंडळी, खर्चाचा हिशेब ठेवावाच लागतो. ज्याचं ते काम आहे त्याने तो ठेवावा. अडलेल्या माणसाला तो ऐकवला, की माणूस मागायचंच सोडून देतो, आणि आपण समजतो, सगळं ठीक आहे.