मूळ प्रत दाखवा

वीज कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर बसणाऱ्या कारकुनाला सगळे ‘परीक्षक’ म्हणत. नवा सिनेमा आला, की याचं मत तयार! आणि मतही असं आंबट, की वाचणाऱ्याचे दात आंबावेत. तो ते फोनवरून जगभर पाठवायचा आणि लोक मिटक्या मारत पुढे ढकलायचे.

त्याच्या खिडकीच्या काचेवर त्यानेच चिकटवलेली सूचना होती : ‘मूळ बिल दाखवा. झेरॉक्स चालणार नाही.’ एके सकाळी एका म्हाताऱ्या गृहस्थांना त्याने दोन जिने उतरायला लावून घरी परत पाठवलं.

“आजोबा, झेरॉक्सवर आकडे पुसट येतात. पुसट कागदावर मी निर्णय कसा देऊ? उद्या चूक निघाली तर कोणाच्या गळ्यात?”

बोलणं अगदी चोख होतं. आजोबा काठी टेकत जिना उतरले.

त्याच दुपारी डबे उघडताना टायपिस्टबाईंनी हळूच विचारलं, “‘बावीस पायऱ्या’ आला का हो तुमच्या फोनवर? परवा लागणारेय, पण आमच्याकडे आजच आला!”

‘बावीस पायऱ्या’ ही सगळ्यांच्या लहानपणची मालिका. एक जिना, चार बिऱ्हाडं आणि तळमजल्यावरची आंधळी मावशी. नुसत्या पावलांवरून कोण आलं, कोणाचं काय बिनसलंय, ते मावशी ओळखायची. आता त्याच मालिकेवर सिनेमा निघाला होता आणि लागायच्या आधीच चोरीची प्रत कचेरीभर फिरत होती.

संध्याकाळी परीक्षक बायकोला घेऊन बघायला बसला. चित्र काळपट होतं. माणसं जिना चढत होती, पण पावलं वाजतच नव्हती.

“अहो, ही प्रतच अर्धवट दिसतेय,” बायको म्हणाली. “आणि यात दाजींचं काम आहे म्हणे. थिएटरात जाऊन बघू की.”

दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. सिनेमांसाठी कसले कसले आवाज करतो, एवढंच परीक्षकाला ठाऊक होतं. जास्त कधी विचारलं नव्हतं.

“असेल काम! म्हणून मी खोटं लिहू? नातं वेगळं, मत वेगळं,” असं म्हणून त्याने लिहिलं : ‘मावशी कान टवकारते, पण ऐकायला आहेच काय? ही माणसं की भुतं? पावलांचे आवाज करणारे झोपले होते! पैसे वाचवा, घरी बसा.’

सकाळपर्यंत ते मत हजारो फोनांवर गेलं. मताखाली लोकांच्या शेऱ्यांची झुंबड उडाली. ‘नाव मोठं, लक्षण खोटं!’ ‘जुन्या मालिकेची माती केली.’ ‘बरं झालं, फुकटात पाहिला.’ ज्यांनी चोरीचाही पाहिला नव्हता, त्यांनीही ठोकून दिलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

सिनेमा लागला तो रिकाम्या खुर्च्यांपुढेच. सहाव्या दिवशी ताईचा फोन आला. “दुपारी घरी ये,” एवढंच म्हणाली.

दाजींची मागची खोली त्याने प्रथमच नीट पाहिली. पावलांचे आवाज काढायला वाळूचे, खडीचे ट्रे. एका लाकडी सांगाड्यात बसवलेले सहा जुने दरवाजे. भिंतीलगत चाळीसेक जोड वहाणा आणि बूट. दाजी एकेक जोड खोक्यात भरत होते.

“दाजी, हे काय?”

“खोली भाड्याने देतोय. पुढचा सिनेमा ठरला होता माझा. दिग्दर्शकाने निरोप पाठवला, आवाज तयार विकत घेऊ म्हणून. सोबत तुझं मतही पाठवलंय. ‘झोपले होते’ ते.”

परीक्षकाचा चेहरा उतरला. “पण दाजी, खरंच आवाज नव्हते हो त्यात!”

“नव्हतेच. आवाज चढवायच्या आधीची प्रत होती ती. कोणीतरी चोरली.”

“मला काय माहीत?”

“माहीत नव्हतं, म्हणूनच गप्प बसायचं होतं रे!” दाजींचा आवाज पहिल्यांदाच चढला. “शिंप्याकडून कच्चा टाचलेला सदरा पळवायचा आणि बाही उसवली म्हणून गावभर बोंबलायचं, हा कुठला न्याय? आवडला नाही तर शिव्या घाल, तुझा हक्क आहे. पण आधी तो सिनेमा बघ तरी!”

ताईने तीन तिकिटं पुढे केली. “आज शेवटचा खेळ आहे. चल.”

थिएटरात सातच माणसं होती. पडदा उजळला आणि जिना बोलू लागला! परकरातल्या पोरीच्या उड्या, दमलेल्या नर्सचे रबरी तळवे. आंधळ्या मावशीसारखे त्याचेही कान लागले. मग सेवानिवृत्त मास्तर चढू लागले. एक पाऊल, मागून ओढलेला पाय. वळणावर थांबून घेतलेला दम. पुन्हा एक पाऊल.

परीक्षक खुर्चीतून अर्धवट उठला. लहानपणी हा आवाज जिन्यावर आला, की तो घाईघाईने पुस्तक उघडून बसायचा. बाबा! बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती.

दोन वर्षांपूर्वी ताईने बाबांचे जुने बूट मागितले होते, तेव्हा तो हसला होता. “भंगारात घालणार होतो, ने,” असं म्हणाला होता.

बाहेर आल्यावर त्याने दाजींचा हात धरला. “दाजी, ते बाबांचं चालणं...”

“बूट त्यांचेच होते. तुझ्या ताईने तीन महिने शिकवलं मला. डावा पाय किती ओढायचा, दम कुठे घ्यायचा. वाटलं होतं, तू ओळखशील.”

तो ढसाढसा रडला. तिथेच उभं राहून त्याने लिहिलं : ‘मी चोरीची अपुरी प्रत पाहून मत दिलं. ते खोटं होतं. चूक माझी.’ हे मत एकोणीस जणांनी वाचलं. एकाने विचारलं, ‘किती पैसे मिळाले?’ आणि दुसऱ्या दिवशी सिनेमा उतरला.

खोली रिकामी झाली, तेव्हा दाजींनी वर्तमानपत्रात गुंडाळलेले बाबांचे बूट त्याच्या हातात ठेवले. “घेऊन जा. माझ्याकडे आता यांना काम नाही.”

आज ते बूट त्याच्या खिडकीमागच्या टेबलाच्या खणात आहेत. टायपिस्टबाई अजून विचारतात, “नवा आलाय, पाठवू?” तो म्हणतो, “नको. मूळ बघेन, मग बोलेन.” काचेवरची सूचना आतून उलटी दिसते. चौदा वर्षं ती त्याने दुसऱ्यांनाच वाचायला लावली होती.

वाचकहो, चोरीचा माल आपण फुकटात बघतो आणि मतही फुकटात देतो. पण जगात फुकट काही नसतं. आपण ज्याची किंमत देत नाही, ती दुसरं कोणीतरी भरत असतं, आणि बरेचदा ते माणूस आपल्याच घरातलं असतं.