अर्धी पोच

मी एक जुना आवक शिक्का आहे. मित्रांनो, कॉलेजच्या कार्यालयात कोणी अर्ज दिला, की त्यावर माझी छाप उमटते. वर 'मिळाला' आणि खाली त्या दिवसाची तारीख. छाप नसेल तर तो कागद आलाच नाही, असे धरतात. एवढासा मी, पण माझा तोरा केवढा!

एका कारागिराने माझे रबर कोरले, लाकडी मूठ बसवली. तेव्हापासून मी आवकबाईंच्या टेबलावर आहे. त्यांचे खरे नाव आता कोणाला आठवत नाही. आधी अर्जदाराच्या प्रतीवर छाप मारून पोच द्यायची आणि मग मूळ अर्जाला हात लावायचा, ही त्यांची सवय. "माणसाच्या हातात काहीतरी पडलं पाहिजे," त्या म्हणत. दाखल्याचे, सुट्टीचे, बंद पंख्याचे हजारो अर्ज आम्ही घेतले. तपासणीला आलेल्या साहेबांनी तर आमची पाठ थोपटली होती.

एका सकाळी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आली. प्रयोगशाळेत एका सरांनी तिच्यावर जबरदस्ती केली होती. तिने त्यांच्या नावासकट सगळे लिहिले होते. वाचताना आवकबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी मला तिच्या प्रतीवर टेकवले, तोच हेडक्लार्क ओरडले, "अहो, थांबा! आधी प्राचार्यांना दाखवू. शिक्का नंतर." बाईंनी दचकून हात मागे घेतला. तारीख उमटली, 'मिळाला' राहून गेले.

मूळ अर्ज खणात गेला. रोज काम संपले की मला त्याच्यावरच ठेवत. मुलगी दर आठवड्याला यायची.

"काकू, माझ्या अर्जाचं काय झालं?"

"साहेब बघतायत गं," बाई मान खाली घालून सांगायच्या. ते सर मात्र रोज हजेरीची सही करायला आमच्याच दारातून येत. त्या कागदावर बसून राहायची मला फार लाज वाटे.

तक्रारीची मुदत तीन महिन्यांची होती. ती उलटली आणि हेडक्लार्कनी अर्ज बाहेर काढला. "आता मारा शिक्का, आजच्या तारखेचा." म्हणजे तक्रारच उशिरा आली, विषय संपला!

पण मुलगी कॉलेजच्या तक्रार समितीकडे गेली आणि तिथे तिने आपली प्रत पुढे केली. हेडक्लार्क म्हणाले, "हा नुसता डाग आहे."

आवकबाई रजिस्टर आणि मला घेऊन तिथे बसल्या होत्या. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. त्या उठल्या. "डाग नाही, तारीख आहे. हात माझा होता. मला थांबवलं आणि मी थांबले. पोरगी वेळेवर आली होती. उशीर आम्ही केला."

चौकशी सुरू झाली. ते सर आता सहीला येत नाहीत.

परवा मुलगी आली, तेव्हा बाईंनी मला हातात घेतले. "आण, पोच पूर्ण करून देते."

"राहू द्या, काकू. अर्धीच असू दे. कुठे थांबवलं ते दिसतं."

मित्रांनो, माझे रबर झिजले तर दुसरे मिळेल. पण कोणी असा कागद घेऊन तुमच्यासमोर उभे राहिले, तर कोणाच्याही सांगण्यावरून हात मागे घेऊ नका.