रेवा कुणावर गेली

संघपालच्या नव्या गेममधली नायिका मीच, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच काय? माझा नवरा गुडगावच्या एका कंपनीत व्हिडिओ गेम बनवतो. एकदा जेवताना म्हणाला, "या वेळी हिरो नाही, हिरोईन. रेवा. सगळं शहर अंधारात, आणि ही विजेच्या खांबांवर चढते, गच्च्यांवरून उड्या मारते, एकेक गल्ली उजळवत जाते. चाळिशीची, तापट, कुणाच्या बापाचं ऐकत नाही."

चाळिशीची आणि तापट. आमच्या घरात अशी दुसरी कोण होती? मी वरण वाढता वाढता लाजलेसुद्धा.

रविवारी फरीदाबादच्या बुद्धविहारात महिला मंडळाच्या कुमुदताईंच्या कानावर घातलं. त्यांच्या कानावर घालणं म्हणजे दवंडी पिटणंच.

"अच्छा! छुपी रुस्तम निघालीस तू!" त्या म्हणाल्या. "माझा नातू खेळतो ना, त्यात बाई म्हणजे एक तर पळवून नेलेली राजकन्या, नाहीतर अर्ध्या कपड्यातली. आणि इथे आपली दीपमाला! सत्कार तर बिल्कुल झाला पाहिजे."

संघपालला त्यांनी पडद्यावर गेम दाखवायला बोलावलं. सत्काराचं मी त्याला कळू दिलं नाही. म्हटलं, सरप्राइज.

कार्यक्रमाच्या सुरुवातीला त्रिसरण-पंचशील झालं. 'मुसावादा वेरमणी', म्हणजे खोटं बोलणार नाही, हे मीही सगळ्यांबरोबर खणखणीत म्हटलं. मग शाल, पुष्पगुच्छ, टाळ्या. "जिच्यावरून रेवा घडली ती ही!" कुमुदताई माइकवर म्हणाल्या. संघपाल लॅपटॉपच्या वायरी जोडत होता. त्याने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि मान परत वायरींत घातली.

पडद्यावर रेवा आली. ही उंच! मी टाचा उचलल्या तरी पाच फूट. तिने पक्कड दातांत धरली, डाव्या हाताने केस वर गुंडाळले आणि त्यात टेस्टर खोचला.

देवयानी. संघपालच्या ऑफिसातली डावखुरी देवयानी. आमच्याकडे जेवायला आली होती, तेव्हा असेच केस गुंडाळून त्यात माझा चमचा खोचून बसली होती, आणि संघपाल किती हसला होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "दीपमाला, काय उडी मारलीस गं!" बायका ओरडत होत्या. मी दात दाखवत बसले. काय करणार, अंगावर शाल होती.

घरात शिरताच मी विचारलं, "देवयानी आहे ना ती?"

"हो. चाल, हात, केस तिचे घेतलेत. पण तू आहेस असं मी कधी म्हटलं होतं?"

"एवढं निरखून बघतोस तिला?"

"काम आहे ते माझं, यार."

"आणि मला? इतकी वर्षं समोर वावरतेय. माझं काहीच घ्यावंसं वाटलं नाही तुला? निदान नाक?"

तो सोफ्यावर बसला. बूट काढू लागला.

"आधी तुझ्यासारखीच केली होती," तो म्हणाला. "पण रेवा दिवसातून शंभरदा मरते, दीपा. खांबावरून पडते, शॉक लागतो. टेस्टिंगवाले तर तिला मुद्दाम पाडून बघतात आणि हसतात. तुझ्यासारखी दिसणारी ती पडली, आणि मला बघवेना. काढून टाकली."

दुसरी एखादी विरघळली असती. मीही विरघळले थोडी, खोटं कशाला बोलू? पण देवयानी डोक्यातून जाईना.

"आण तो लॅपटॉप," मी म्हटलं.

देवयानीला पाडायलाच बसले मी. पहिल्याच गच्चीवरून ढकलली. काय बरं वाटलं म्हणून सांगू! ती उठली, केस गुंडाळले. परत ढकलली. मग जिवंत तारेला हात लावायला लावला. परत उठली. बाई लाजतही नव्हती, रडतही नव्हती. संघपाल हसायला लागला. मला हसू येईना.

एकदा चुकून भलतंच बटण दाबलं गेलं, ती झेपावली आणि पलीकडच्या गच्चीवर पोचली. तिने तारा जोडल्या. खालची अख्खी गल्ली उजळली.

आता मला फार हेवा वाटला. चमच्याचा नाही, उंचीचाही नाही. मला स्कूटी शिकायची होती तेव्हा संघपाल म्हणाला होता, दिल्लीचं ट्रॅफिक आहे, पडशील. माझ्या नोकरीत प्रमोशनवर गुवाहाटीला बदली आली तेव्हा म्हणाला होता, एकटी कशी राहशील? दोन्ही वेळा किती प्रेमाने म्हणाला होता. आणि मी दोन्ही वेळा ऐकलं होतं.

"माझ्यासारखी होती ती कुठवर पोचली होती?" मी विचारलं.

"पहिल्या गच्चीवरच पडली."

"मग तिला परत उठवून बघितलं नाहीस?"

"नाही."

"उठली असती रे ती," मी म्हटलं.